तोतारामआबांची खरी गाडी

जळगावात एखाद्या वरातीपुढे लाल रंगाची, बिनछपराची, दोनच माणसं बसतील अशी बुटकी मोटार चालू लागली, की लोक नवरदेवाला सोडून मोटारीकडे बघत. ती मोटार जितेंद्र बोंडेची. भुसावळ रस्त्यावर त्याचं मंगल कार्यालय होतं. भाड्यावरून कुणी फार घासाघीस करू लागलं, की जितेंद्र उठायचा आणि मागच्या शेडचं शटर वर करायचा. बाकीचं काम मोटार करायची.

"आमच्या आजोबांची. तोतारामआबांची. केळीच्या वॅगनी भरून दिल्लीला जायच्या, त्या काळातली. एमजी."

"हेक्टर का?" एखादा तरुण विचारी.

"हेक्टर परवाची झाली रे. ही बावन्न सालची. विलायतेहून बोटीनं मुंबईला आली, तिथून मालगाडीनं सावद्याला उतरली. एकदम ओरिजिनल."

हा ओरिजिनल शब्द जितेंद्र इतक्या वर्षांत इतक्या वेळा बोलला होता, की तो त्याला गाडीच्या नावातलाच वाटायचा. गाडीवर त्याचा जीवही तसाच होता. दर दिवाळीला तो तिच्यासाठी काही ना काही करायचा. एका वर्षी पावर स्टेअरिंग बसवलं. एका वर्षी फूटबोर्डाखाली रंग बदलणारे दिवे लावले. नवरदेवाचा फेटा लांबून दिसावा म्हणून सीट वीतभर उंच करून घेतली, हॉर्नमध्ये सनई भरली, आणि मागच्या वर्षी रिव्हर्सचा कॅमेरासुद्धा बसवला. आबा असते तर त्यांनीही हेच केलं असतं, असं तो मनापासून मानायचा.

त्याच्या मुलीनं, ऋतिकानं, एका वरातीचा व्हिडिओ मोबाईलवर टाकला आणि तो फिरत फिरत इंदूरच्या छाजेडशेठपर्यंत पोचला. शेठना जुन्या मोटारी जमवायचा नाद. त्यांनी फोन केला आणि पहिलाच प्रश्न विचारला, गाडी ओरिजिनल आहे का?

"शंभर टक्के," जितेंद्र म्हणाला.

मग छाजेडशेठनी एक आकडा सांगितला. जितेंद्र उभा होता, तो खुर्चीत बसला. बसल्या बसल्या त्यानं मंगल कार्यालयावर दुसरा मजला बांधला, आणि म्हाताऱ्या पाहुण्यांसाठी लिफ्टही लावली.

"पण नाशिकच्या ज्योत्स्नाबाई दाबके बघून लिहून देतील, तरच," शेठ म्हणाले.

ज्योत्स्नाबाई इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायच्या. जुन्या गाड्यांची जिथे जिथे प्रदर्शनं भरत, तिथे परीक्षक म्हणून त्यांना बोलावणं असायचं. गाडी खरी किती आणि भरीची किती, हे त्यांनी सांगितलं की पुढे कुणी वाद घालत नसे. त्या येणार म्हणून जितेंद्रनं गाडी दोनदा धुतली, पॉलिश केली, टायरांना काळा रंग दिला. बाई आल्या तेव्हा फूटबोर्डाखालचे दिवे जांभळ्याचे हिरवे होत होते आणि सनई चालू होती.

"हे बंद करता येईल का?" बाई म्हणाल्या.

मग त्यांनी पर्समधून एक लहानसं लोहचुंबक काढलं आणि मडगार्डला लावलं. ते खाली पडलं. जरा पुढे लावलं, तिथूनही पडलं.

"पत्र्यावर लांबी, म्हणजे पुट्टी, बरीच भरलीय."

"भरपूर!" जितेंद्र अभिमानानं म्हणाला. "हात आखडता घेतलाच नाही आपण."

बाईंनी बॉनेट उघडून बघितलं. "हे ॲम्बेसेडरचं डिझेल इंजिन."

"एकदम दमदार. घाट चढून जातं."

जमिनीवर सतरंजी अंथरून बाई टॉर्च घेऊन गाडीखाली गेल्या आणि बराच वेळ तिथेच राहिल्या. जितेंद्रची बायको पोह्यांच्या बश्या घेऊन आली, ती गाडीखालून बाहेर आलेल्या दोन पावलांकडे बघत उभी राहिली. शेवटी बाई बाहेर आल्या आणि पदराची धूळ झटकत म्हणाल्या, "चासी जीपची आहे."

"हो, जुनी नव्हतीच ना. मग कशावर तरी बसवायला पाहिजे."

"जितेंद्रभाऊ, बॉनेट खरं आहे. दोन्ही दारं, समोरची जाळी आणि काचेची चौकट खरी आहे. आणि ही आतली पितळी पट्टी. तिच्यावर दोन नंबर आहेत, एक गाडीचा, एक इंजिनाचा. हे नंबर ज्या लोखंडावर असतात, ते लोखंड कुठंय?"

"पण मी एवढा खर्च केलाय हिच्यावर!"

"दिसतोय ना. आधी तोच उतरवावा लागेल." बाईंनी पोह्यांची बशी घेतली. त्या रागावलेल्या नव्हत्या. रोगाचं नाव सांगताना डॉक्टर जसा बोलतो, तशा बोलत होत्या. "घर सुधारलं की किंमत वाढते. या गाड्यांचं उलटं आहे. जितकी सुधाराल तितकी उतरते. रंग उडालेला चालतो, सीट फाटलेली चालते, पण जे कारखान्यातून निघालं तेच पाहिजे. त्यातही चासी म्हणजे गाडी. सरकारही तोच नंबर मानतं. बॉडी म्हणजे अंगावरचे कपडे."

"मग ही... अशी आहे तशी किती जाईल?"

"वरातीचं भाडं मिळतंय ना? ते घेत राहा."

जितेंद्रच्या डोळ्यांसमोर दुसरा मजला लिफ्टसकट खाली आला. पण ते लोखंड कुठे आहे, हे त्याला माहीत होतं. साऱ्या घरालाच माहीत होतं.

तोतारामआबा गेले तेव्हा मोटार बंद पडून कधीचीच अंगणात उभी होती. आबांना दोन मुलगे, जितेंद्रचे वडील रतिलाल आणि धाकटे हिलाल, आणि एक मुलगी, सुनंदा. शेती वाटली, घर वाटलं, भांडी वाटली, शेवटी मोटार राहिली. हिलालकाकांनी धुळ्याकडे, सोनगीरला मळा घेतला होता. तिथल्या विहिरीवर पंपाला इंजिन पाहिजे होतं. ते म्हणाले, मला इंजिन द्या. रतिलालभाऊंना दिखाव्याची हौस, त्यांनी वरचा सांगाडा घेतला. अंगणात मग चार चाकं आणि मधलं लोखंड तेवढं उरलं, मेलेल्या गुराच्या बरगड्यांसारखं. सुनंदाआत्या सासरहून आली होती. तिनं जमिनीवरचा हक्क सोडल्याची सही आदल्याच दिवशी करून दिली होती. कुणीतरी म्हणालं, "हे सुनंदाला देऊन टाका, टायरगाडी तरी होईल." सगळे हसले. आत्याही हसली. मग आत्याच्या यजमानांनी बैलजोडी आणली आणि ते लोखंड भालोदला ओढून नेलं.

जितेंद्रला आधी सोनगीरला जायचं होतं, आणि तेच अवघड होतं. हिलालकाकांचा मुलगा हितेंद्र आणि तो, दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. एका लग्नपत्रिकेत हिलालकाकांचं नाव निमंत्रकांत न छापता प्रेषकांत छापलं गेलं होतं, तेव्हापासून. हितेंद्रचं धुळ्यात बियाण्यांचं दुकान होतं. जितेंद्रनं मन घट्ट करून फोन लावला आणि सांगितलं, "एक बाई जुनी इंजिनं बघायला आल्यात, त्यांना आपलं दाखवायचंय." आपलं हा शब्द त्यानं मुद्दाम वापरला.

पारोळा गेलं, धुळं गेलं, आणि हायवेला सोनगीरचा किल्ला दिसायला लागला तशी जितेंद्रनं गाडी मळ्याकडे वळवली. हितेंद्र बांधावर हाताची घडी घालून उभा होता. त्याचा मळा बघणारा अभिमन पुढे आला.

"इंजिन ना भाऊ? शे ना. आठेच शे, विहिरवर. बठ्ठं जसं व्हतं तसंच शे."

विजेची मोटार आल्यापासून इंजिनाला काम नव्हतं. गोणपाटं बाजूला केली तर खालून एक कोंबडी ओरडत पळाली. बाईंनी कापडानं एक जागा घासली. आठकोनी पितळी पट्टी उघडी पडली. त्यांनी नंबर वाचला, मोबाईलमधल्या फोटोशी ताडून बघितला आणि पहिल्यांदाच हसल्या. "जुळला. हेच ते."

काय जुळलं ते हितेंद्रला समजावून सांगावं लागलं. इंदूरच्या आकड्यापर्यंत बोलणं आलं तशी त्याची हाताची घडी सुटली.

"म्हणजे खरी गाडी आमच्याकडेच होती तर," तो म्हणाला.

"नुसतं इंजिन काय नवरदेव डोक्यावर घेऊन फिरणार?"

"आणि तुझी बॉडी काय बैल ओढणार? अरे, इंजिन म्हणजे काळीज. तुझ्याकडे नुसतं तोंड आहे. रंगवलेलं."

"तोंडाला बघूनच शेठनं फोन केला ना!"

पत्रिकेचा विषय निघाला, प्रेषकांचा निघाला, हिलालकाकांच्या दहाव्याला कोण उशिरा आलं तेही निघालं. बाई विहिरीच्या कठड्यावर बसून अभिमननं आणलेला चहा पीत होत्या. शेवटी दोघंही दमले. हायवेवरच्या ढाब्यात शेवभाजी खाताना त्यांचं ठरलं, निम्मं निम्मं. कित्येक वर्षांनी दोघं एका ताटलीतला कांदा खात होते.

"राहता राहिलं ते आत्याकडचं लोखंड," हितेंद्र म्हणाला.

"तिला एक साडी घेऊ. चांगली."

"पैठणी?"

"पैठणी नको. संशय येईल. साधीच बरी."

बाईंनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला. "तुमच्या घरच्या बोलण्यात मी पडणार नाही. पण मला कुणी विचारलं तर मी खोटं सांगत नाही, एवढं लक्षात ठेवा."

"तुम्हाला कोण विचारतंय? आत्या अडाणी बाई आहे," जितेंद्र म्हणाला. तसं म्हणताना आपण आत्याला शेवटचं कधी भेटलो, ते आठवायचा त्यानं प्रयत्न केला, आणि त्याला आठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी भालोदला ते पोचले तेव्हा सकाळची कापणी आटपून मजूर भाकरी सोडत होते. सुनंदाआत्या केळीच्या बागेच्या कडेला खाटेवर बसली होती. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी सुरतेला दिलेली, बाग आत्या एकटी बघायची. कपाळावर हाताचा आडोसा धरून तिनं आलेल्यांकडे निरखून बघितलं.

"कोन? जितू? आन् हा हितू का काय? दोघं एकाच गाडीतून?" ती दचकून उभीच राहिली. "कोन गेलं रे?"

"कुणी नाही गेलं आत्या. सहज आलो. तुला भेटायला."

"सहज!" आत्यानं साडीची पिशवी हातात घेतली, आत डोकावली, पिशवी खाटेवर ठेवली. "बसा रे बापा. पानी प्या."

टायरगाडी लिंबाखाली उभी होती. वर फळ्या ठोकलेल्या, पुढे बैल जुंपायची दांडी, आणि फळ्यांवर नुकतेच उतरवलेले केळीचे घड रचलेले. ज्योत्स्नाबाईंनी गाडी बघायची परवानगी मागितली आणि सरळ मातीत आडव्या झाल्या. लोखंडावर शेण, वंगण आणि केळीच्या चिकाचे थरावर थर बसले होते. रॉकेलात भिजवलेल्या चिंधीनं बाईंनी डावीकडचं पुढचं टोक पुसलं. आत्या खाटेवरून उठून जवळ आली.

"बाई, तू कोन व? माह्या गाडीखाली काय शोधू राह्यली?"

जितेंद्र घाईनं म्हणाला, "आत्या, त्या कॉलेजात शिकवतात. बैलगाड्यांवर अभ्यास..."

"तुले नाही इचारलं. तिले इचारलं."

बाई बाहेर आल्या. कपाळाला काळं लागलं होतं. "तुमच्या वडिलांची मोटार शोधत होते."

"ती त जयगावले हाये. जितूकडे."

"नाही. ती ही आहे. जितेंद्रभाऊंकडे हिची बॉडी आहे, हितेंद्रभाऊंकडे हिचं इंजिन. पण मोटार म्हणतात ती ही. हा बघा नंबर."

आत्या वाकली. तिला आकडे नीट दिसत नव्हते, म्हणून तिनं त्यांच्यावरून बोट फिरवलं. मग तिनं टायरगाडीकडे बघितलं, भाच्यांकडे बघितलं, खाटेवरच्या साडीकडे बघितलं, आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"म्हंजे इतकी वर्सं मी आबाच्या मोटारीतून केयी वाहू राह्यली? आन् हा पोऱ्या तिकडं नवरदेवाले काय दाखवू राह्यला मंग?"

"सुटे भाग," बाई म्हणाल्या.

जितेंद्रनं खालच्या मातीकडे बघितलं. हितेंद्रला त्या शब्दानं जो आनंद झाला तो त्याला लपवता आला नाही. पण आपलंही इंजिन त्यातच आलं हे ध्यानात येताच त्यानं चेहरा सारखा केला.

"आत्या," जितेंद्र म्हणाला, "तुला कोरी करकरीत टायरगाडी घेऊन देतो. मोठी. हे जुनं लोखंड..."

"जुनं लोखंड तुह्या बापानं दिलं होतं. आता ही बाई म्हनते मोटार हाये." आत्या पुन्हा बाईंकडे वळली. "बाई, या दोघायच्याबिगर ही मोटार उभी राहीन का?"

"राहील. इंजिन, बॉडी बाहेरून मिळते. ती मूळची नसेल, म्हणून किंमत थोडी उतरेल. पण गाडी हीच राहील."

"आन् माह्याबिगर यायची?"

"नाही राहणार. चासी दुसरी आणली तर ती तुमच्या आबांची गाडीच नव्हे."

आत्यानं मान डोलावली. बाजारात केळीचा भाव ऐकून घेतल्यावर व्यापाऱ्यासमोर ती अशीच मान डोलवत असावी. "हातपाय धुवा," ती म्हणाली. "भरीत केलंय. आदी जेवा."

कळण्याच्या भाकरीबरोबर वांग्याचं भरीत वाढता वाढता आत्यानं आपलं म्हणणं सांगून टाकलं. आवाज तिनं चढवला नाही. भाकरी तव्यावरून उतरवायची आणि एक गोष्ट सांगायची. बॉडी आणि इंजिन भालोदला आणून द्यायचं. गाडी आत्याच्या अंगणात जोडायची. आरटीओत नाव आत्याचं लागणार, त्याला दोघांनी संमतीच्या सह्या द्यायच्या. पुढे विकली तर पैसे तिघांत सारखे. पण विकायची की नाही, आणि कधी, ते आत्या ठरवणार.

"पण आत्या..." हितेंद्रनं सुरुवात केली.

"आजून वाढू का?"

हितेंद्रनं ताट पुढे केलं. मग आत्या चुलीपुढे बसल्या बसल्या आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "माह्या लग्नाच्या दिवशी मोटार चांगली चालत होती. आबा म्हने, पोरीले मोटारीतून लावून देऊ. मी कवाची नटून बसेल होती. तेवढ्यात सावद्याले दिल्लीचा व्यापारी उतरला, मोटार त्याले आनाले गेली. मी बसनं गेली सासरी. मोटारीत काही बसली नाही कधी."

जितेंद्रनं त्या मोटारीच्या नाही नाही त्या गोष्टी लोकांना सांगितल्या होत्या. आबांनी साहेबाला शर्यतीत हरवलं इथपर्यंत. ही मात्र त्याला माहीत नव्हती.

लग्नसराई तोंडावर असताना त्यानं लाल मोटार खोलली. ऋतिका रडली. ज्योत्स्नाबाईंच्या सांगण्यावरून लांबी काढायला घेतली, तर ती भाकरीएवढ्या पापुद्र्यांनी निघाली. लालखाली नारिंगी रंग निघाला, नारिंगीखाली रतिलालभाऊंच्या आवडीचा निळा, आणि सगळ्यांत खाली, जागोजागी उडालेला, ताकासारखा फिका पिवळट. तोच मूळचा. दिवे गेले, सनई गेली, कॅमेरा गेला. उंच केलेली सीट गेली. प्रत्येक वस्तू निघताना जितेंद्रला तिची पावती आठवत होती. ऋतिका दर टप्प्याचे फोटो इंदूरला पाठवायची, आणि गाडी जसजशी भिकाऱ्यासारखी दिसायला लागली, तसतसे छाजेडशेठ खूश होत गेले. एकदा तर त्यांनी घाबरून फोन केला, की चासीवरचे केळीचे डाग कुणी धुवू नका. तो आता इतिहास आहे.

"डाग धुवायचे नाहीत," जितेंद्रनं आत्याला निरोप दिला.

"लुगड्यावरचे डाग धुवून धुवून माहे हात गेले," आत्या म्हणाली, "तवा कोनी सांगितलं नाही."

हितेंद्रनं दुकान गड्यावर सोपवलं आणि दर रविवारी भालोदला मुक्काम ठोकला. इंजिन खोलायची त्याला लहानपणापासून हौस होती, हे जितेंद्रला आत्ताच कळत होतं. एका सकाळी, बऱ्याच खोकल्यानंतर, इंजिन लागलं. साऱ्या गल्लीत धूर झाला. बॉडी फिकी, पत्रा ठिकठिकाणी चेपलेला, सीटच्या जागी फळीवर गोधडी. जितेंद्रच्या मनात आलं, असल्या गाडीत मी माझ्या ड्रायव्हरलासुद्धा बसवलं नसतं. हितेंद्र स्टेअरिंगवर बसला, आत्याला दोघांनी हात धरून शेजारी बसवलं, आणि गाडी मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन परत आली. गाव बघायला लोटलं होतं. आत्या पदर सावरत उतरली. ती काय म्हणते म्हणून सगळे कान देऊन उभे राहिले.

"वारा लय लागतो," आत्या म्हणाली. "आन् पाय लांब करता येत नाही. टायरगाडीत जागा जास्त होती." मग जरा थांबून ती म्हणाली, "यवढ्यासाठी आबा यवढं कवतिक करे?"

पण दुसऱ्या दिवशी तिनंच हितेंद्रला विचारलं, पुन्हा कधी चालू करशील?

ज्योत्स्नाबाईंनी लिहून दिलं. चासी मूळ, इंजिन मूळ, बॉडी बहुतांशी मूळ, रंग मूळ. छाजेडशेठ स्वतः इंदूरहून आले. गाडीभोवती ते देवळात फिरावं तसे फिरले, केळीच्या डागांवर हळूच बोट टेकवलं आणि आधीच्या आकड्याच्या दुपटीला टेकेल असा आकडा सांगितला. जितेंद्र आणि हितेंद्र खाटेच्या दोन टोकांना बसले होते. दोघांनी एकाच वेळी श्वास घेतला.

आत्यानं शेठना चहा दिला आणि ज्योत्स्नाबाईंना विचारलं, "बाई, पुढल्या वर्सी हिची किंमत काय राहीन?"

बाई जरा घुटमळल्या. "नक्की कुणी सांगू शकत नाही. पण अशा गाड्या कमी होत चालल्यात. हात न लावता नीट ठेवली, तर साधारण वाढतेच."

"नुसती उभी राहून?"

"नुसती उभी राहून."

"मंग इकू काबरं?" आत्या शेठना म्हणाली, अगदी समजुतीच्या सुरात. "केयी लावा, पानी द्या, खत द्या, राखन करा, आन् भाव रोज पडतो. हिले काहीच नको. बसल्या जागी वाढू राह्यली. तुमीच सांगा शेठ, तुमी इकली असती का?"

शेठ धंदेवाले होते. त्यांनी उरलेला चहा संपवला आणि गाडीकडे पुन्हा एकदा बघून घेतलं. दोघं भाचे एकाच गाडीनं परत निघाले. मग हितेंद्र म्हणाला, "एक साडी. पैठणी घेतली असती तरी काही फरक नव्हता पडला." जितेंद्रला हसू आलं, आणि मग गाडी बाजूला घेईपर्यंत दोघं हसत राहिले.

शेडमध्ये आता जीपची चासी आणि ॲम्बेसेडरचं इंजिन तेवढं राहिलं होतं. सराईच्या तारखा घेतलेल्या होत्या. जितेंद्रनं एका कारागिराकडून फायबरची बॉडी बनवून घेतली, पहिलीपेक्षा लाल, पहिलीपेक्षा चकचकीत. सीट उंच, दिवे जांभळे, सनई चालू. वरातीत कुणालाच फरक कळला नाही. उलट, गाडी अलीकडे जास्तच छान ठेवलीय, असं दोघातिघांनी आवर्जून सांगितलं. जितेंद्र मात्र ओरिजिनल हा शब्द तोंडातून काढेनासा झाला. तो आणि हितेंद्र आता दर पंधरा दिवसांनी भालोदला जायचे, गाडी चालू करून आत्याला मारुतीपर्यंत नेऊन आणायचे आणि भरीत खाऊन यायचे. पत्रिकांमधली नावं आता दोघं फोनवर ठरवून छापायला द्यायचे.

मेच्या सुरुवातीला रावेरकडची एक पार्टी कार्यालय बघायला आली. मुलाचे आजोबा पुढे होते. जितेंद्रनं शटर वर केलं. म्हातारा गाडीकडे बघतच राहिला.

"ओरिजिनल ना?" मुलाच्या बापानं विचारलं.

"नाही हो," जितेंद्र म्हणाला. "बॉडी फायबरची आहे, चासी जीपची, इंजिन ॲम्बेसेडरचं. सगळी नकली."

मुलाचा बाप जोरात हसला आणि त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "खानदानी माणूस बघा! कौतुक करून घ्यायला लाजतो." तोवर आजोबांनी काठी भिंतीला टेकवली होती. ते फायबरच्या मडगार्डावरून दोन्ही हात फिरवत होते.

"मी लहान होतो," ते भरल्या आवाजात म्हणाले. "सावद्याच्या स्टेशनावर तोतारामशेठला उतरताना पाहिलंय. ह्याच गाडीतून. हाच रंग."

जितेंद्रनं तोंड उघडलं, म्हाताऱ्याच्या चेहऱ्याकडे बघितलं, मिटलं, आणि लग्नाची तारीख विचारली.